दारी आलेला मोहसल

दिवाळीला चार दिवस उरले की आमच्या घरी भांडी घासण्याचा मोठा कारखाना सुरू होतो. माळ्यावरची समई, परात, हंडे, कळशा अंगणात येतात, चिंच नि राख निघते, आणि बायकांच्या बांगड्यांबरोबर तांब्यापितळेचाही आवाज दुपारभर चालतो. या पसाऱ्यात एक जुने तांब्याचे घंगाळ आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या चार पिढ्यांनी त्यातल्या ऊन पाण्याने अंगाचे उटणे धुतले. त्याच्या एका कडीच्या सांध्यात तांबूस-काळा, करंगळीच्या नखाएवढा ठिपका अडकून बसला आहे. नव्या सुना तो काढायला जातात आणि घरातले कोणीतरी त्यांना थांबवते. आजीची तशी ताकीदच होती. तो ठिपका लाखेचा आहे. सरकारी मोहोरेची ती लाख.

आमचे गाव मुरबाड तालुक्यातले, नाणेघाटाच्या पायथ्याकडचे. आजोबांनी १९५८ साली बैल घेण्यासाठी तगाई काढली. पौष पुनवेच्या म्हशाच्या जत्रेत बैल घेतला, घोंगडीही घेतली, आणि पुढच्याच पावसाळ्यात आजोबा गेले. बैल राहिला, तगाई राहिली. वडील मुंबईत गिरणीत कामाला. घरी आजी, आई आणि आम्ही तीन पोरे. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि अक्षराशी जन्माची ओळख नाही. तगाईची मागणी करणारी नोटीस आली तेव्हा कोतवालाने ती तिच्या हातात दिली, अंगठा घेतला आणि तो गेला. आजीने त्या कागदाचे काय करावे? तिने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिले! सरकारचा कागद म्हणजे काहीतरी जागृत दैवत, त्याला दुखवू नये, एवढेच तिला ठाऊक. आईने विचारले तर म्हणाली, "ऱ्हाऊं दे गं, पोरगा आला का वाचील." पोरगा शिमग्याला यायचा होता. जप्ती माघातच आली.

मी तेव्हा आठ वर्षांचा. साल १९६१. जप्तीचा कारकून, तलाठी, कोतवाल आणि गावातले दोन पंच असे पाच जण अंगणात उभे राहिले. कारकून वाईट माणूस नव्हता. उन्हात चालून आल्यामुळे त्याने आधी पाणी मागितले, आणि ज्या कळशीतले पाणी प्यायला तीच कळशी पहिल्या ओळीत लिहिली. मग परात, हंडा, घंगाळ. मग तो बी-भाताच्या कणगीपाशी गेला. आजी चाचपडत पुढे आली आणि कणगीला पाठ लावून उभी राहिली. "भाऊसाहेब, भांडी न्या. ह्ये बी हाय. ह्ये नेलं त मिरगाला मी काय पेरू, माजी हाडं?" पंचांपैकी एक आमचा शेजारीच होता. तो जमिनीकडे पाहत राहिला. त्याच्याही घरी तगाई थकलेली होती.

हा प्रसंग मी पुढे कितीतरी वर्षे आमच्या घरापुरता समजत होतो. इतिहासाचा मास्तर झालो, जुने कागद, कायदे, गॅझेटियरे चाळू लागलो, तेव्हा कळले की आमच्या अंगणात आलेली ती पाच माणसे फार जुन्या वाटेने चालत आली होती.

ती वाट आमच्या डोक्यावरच आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जुन्या काळी घाट चढून जुन्नरला जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीची नाणी त्यात पडत, अशी परंपरेची समजूत. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञ आणि त्यांची दक्षिणा यांची यादी आहे: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण. मी शाळेची मुले घेऊन तेथे गेलो, की दक्षिणेची यादी वाचून दाखवी आणि विचारी, "मुलांनो, हे सारे आले कुठून?" एकदा एका ठाकराच्या पोराने मान वळवून रांजणाकडे बोट केले. इतिहासाच्या पेपरात मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

पेशवाईत थकबाकीदाराच्या दारी मोहसल बसे. आज हा शब्द कोशातच राहिला. पण आमच्या आजीच्या बोलण्यात तो होता. एखादा पाहुणा उठेना की ती म्हणे, "बसलाय मोहसलावानी!" मोहसल म्हणजे वसुलीसाठी सरकारने धाडलेला शिपाई. रक्कम हाती पडेपर्यंत तो दारातून हलायचा नाही आणि तोवर त्याची शिधासामग्री नि मसाला, म्हणजे त्याची मजुरी, देण्याचा भार ज्याच्याकडे बाकी त्याच्यावरच. ज्याच्याजवळ द्यायला नाही म्हणून शिपाई आला, त्यानेच शिपायाला पोसायचे! ही युक्ती ज्याने शोधली तो मोठा बुद्धिमान असला पाहिजे, कारण राज्ये गेली तरी ती गेली नाही. आजही नोटिशीचा आणि जप्तीचा खर्च थकबाकीतच मिळवला जातो.

ठाणे जिल्ह्यातली जुनी आकारणीही चमत्कारिक होती. धेप, हुंडा, मुडा अशा नावांनी जमिनीचा एकेक तुकडा मोजल्यावाचूनच ठोक धाऱ्याला लावलेला असे. डोंगराळ मुलखात तर नांगरावर आणि कोयत्यावर पट्टी असे. जमिनीची मोजणी नाही, हत्याराची मोजणी. इंग्रज आले, साखळी घेऊन मोजणीदार आले, दर सर्व्हे नंबराला आकार ठरला. हिशेब स्वच्छ झाला हे खरे. पण जुन्या अदमासात पडत्या वर्षी घासाघीस करायला जी फट होती, ती साखळीने बुजवली.

मग उजाडले १८७९ साल. या एका वर्षात दोन कायदे झाले. दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. त्यावर उतारा म्हणून शेतकऱ्याला सावकाराच्या हुकूमनाम्यापासून आणि बेलिफापासून वाचवणारा दख्खन शेतकरी संरक्षणाचा कायदा आला. पण तो प्रथम लागू झाला तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांनाच. आमच्या घाटमाथ्यावरून पलीकडे पाहिले की जुन्नर, म्हणजे पुणे जिल्हा. माथ्यावरच्या कुणब्याला संरक्षण, आणि पायथ्याच्या कुणब्याला, ठाकराला, कातकऱ्याला नाही! पाऊस दोघांचा एकच, सावकारही पुष्कळदा एकच.

दुसरा कायदा मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा. तो मात्र सगळ्यांना लागू. सारा थकला की वर चौथाईपर्यंत दंड, आधी मागणीची नोटीस, मग जमीन सरकारजमा, मग जंगम मालाची जप्ती नि लिलाव, मग घरदार, आणि दहा दिवसांपर्यंत कचेरीत अटक. खळ्यावरचे पीक सारा भरेपर्यंत हलवू न देण्याचीही तजवीज होती. चौथाई हा शब्द वाचून मी हसलो. जी चौथाई वसूल केली म्हणून मराठ्यांना इंग्रजी बखरकारांनी लुटारू म्हटले, ती कंपनीच्या वारसांनी आमच्याच सातबाऱ्यावर बसवली.

पण याच कायद्यात एक लहानसे १५६ वे कलम होते. दिवाणी कायद्याने जी वस्तू जप्तीतून वगळली आहे, ती सारावसुलीतही जप्त करता येणार नाही. कोणत्या वस्तू? अंगावरचे नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याचे नांगर-औत, लागतील तेवढी गुरे आणि बी-बियाणे. वाचकहो, मी हे कलम प्रथम वाचले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. आमची कणगी कायद्याने सुरक्षित होती. परात आणि कळशीही. आजी कणगीला पाठ लावून उभी होती तेव्हा कायदा तिच्याच बाजूने उभा होता. फक्त ते तिला कोणी सांगितले नव्हते. त्या कलमाला शेपूटही होते: काय वगळायचे याबद्दल कलेक्टरचा निर्णय अखेरचा. म्हणजे ज्याचे घेणे, तोच न्यायाधीश.

कायदा लोकांना सांगणे हेसुद्धा एके काळी गुन्ह्याच्या जवळपास होते. १८९६ साली पाऊस फसला. दुष्काळात सारा तहकूब वा माफ करण्याचे सरकारचेच नियम होते. टिळकांच्या 'केसरी'ने आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते मराठीत लोकांपुढे मांडले. ज्याच्याजवळ नाही त्याने गुरेढोरे, भांडीकुंडी विकून सारा भरू नये, सरळ 'नाही' असे सांगावे, असा त्यांचा उपदेश. सभेची माणसे आमच्या ठाणे आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव हिंडली. त्यांपैकी काहींवर खटले झाले आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. आणि गुन्हा काय, तर सरकारचे नियम सरकारच्या प्रजेला वाचून दाखवले!

१९२८ साली बारडोलीत याच महसूल कायद्याचे हत्यार उपसले गेले. सुमारे बावीस टक्के साऱ्याची वाढ, जप्तीसाठी आणलेले पठाण, आणि म्हशींसकट घरात कोंडून घेतलेली माणसे. वल्लभभाईंच्या मागे सारा तालुका उभा राहिला, चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. बारडोलीचा धडा आपण अभिमानाने शिकवतो. पण मला नेहमी वाटते, तालुका एक झाला की जप्ती लटकी पडते हे खरे. ज्या म्हातारीच्या मागे तालुका नाही, तिचे काय?

तिचा विचार आमच्या भागात एका माणसाने केला. माथेरानचे वकील भाई कोतवाल. १९४३ च्या २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कर्जत-मुरबाडच्या रानात गरिबांसाठी धान्याच्या कोठ्या चालवल्या, हे कमी जणांना ठाऊक. अडीनडीला धान्य तेथून घ्यावे, पीक आल्यावर परत भरावे, सावकाराचा उंबरा चढू नये. विजेचे मनोरे पाडणारा भाई मोठा खराच. पण कणगी राखणारा भाई मला अधिक जवळचा वाटतो.

आमच्या कणगीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. गलका ऐकून शाळेतले गुरुजी आले. त्यांनी कारकुनाला बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगितले. भांडण नाही, तंडण नाही. कारकुनाने टोपी काढून कपाळ पुसले आणि यादीतली कणगीची ओळ खोडली. मग परातीची नि कळशीचीही. घंगाळ आणि हंडा राहिले. त्यांच्या कड्यांना सुतळी बांधून लाखेची मोहोर केली आणि ते पोलीसपाटलाच्या ओट्यावर ठेवले. वडिलांना तार गेली. ते आले, दोन हप्त्यांत रक्कम भरली, आणि घंगाळ घरी परत आले. त्या दिवाळीला आजीने त्यात हात बुडवून पाहिले, कडीपाशी बोट फिरवले आणि म्हणाली, "ही खूण ऱ्हाऊं द्या. कागद आला त देव्हाऱ्यात ठेवायचा न्हाय, मास्तरला दावायचा, ह्याची याद."

१८७९ चा तो कायदा गेला, १९६६ चा महाराष्ट्राचा महसूल कायदा आला. पायऱ्या बव्हंशी त्याच. गावात घरपट्टी, पाणीपट्टी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने वसूल होते. तिथेही आधी बिल, मग मागणीचा हुकूम, मग जंगम मालाची जप्ती. मध्यंतरी इंग्लंडात असलेल्या नातवाने सांगितले की तिकडेही घरावरच्या पट्टीसाठी बेलिफ येतो. पण २०१४ पासून तेथे नियम असा की घरात एकटे लेकरू किंवा एकटी दुर्बळ व्यक्ती असेल तर त्याने मालाला हात लावायचा नाही. चूल, शीतकपाट, अंथरूण न्यायचे नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा दार ठोठवायचे नाही. मी म्हटले, "अरे, सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरू नये हे आमच्या १९०८ च्या दिवाणी कायद्यातही आहे. प्रश्न कायदा असण्याचा नसतो रे, तो दारापर्यंत पोचण्याचा असतो."

गेल्या वर्षी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची विधवा बाई माझ्याकडे आली. नवरा गेलेला, मुलगा अंथरुणाला खिळलेला. हातात घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीची लोकअदालतीची नोटीस. पोलीस न्यायला येणार म्हणून दोन रात्री ती झोपली नव्हती. मी चष्मा लावून कागद वाचून दाखवला. "ताई, इथे तडजोडीसाठी बोलावलंय. तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही, आणि तिथून कोणी तुरुंगात धाडत नाही. बाईमाणसाला सरकारी वकील फुकट मिळतो, तसा १९८७ चा कायदा आहे." तिने विचारले, "मंग पाणी येत न्हाय त्याची पट्टी बी द्यायची?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्याच तालुक्यातल्या तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आहे, आणि उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर टँकरची वाट पाहतात. आम्ही दोघे मिळून ग्रामपंचायतीत गेलो. तक्रार लिहून दिली, हप्ते बांधून घेतले, पावती मागून घेतली. पावती तिने पदराच्या गाठीत बांधली.

यंदा वसुबारसेला ती आमच्याकडे आली होती. सून घंगाळ घासत होती. कडीपाशी तिचे बोट थांबले आणि तिने विचारले, "ह्ये काय लागलंय?" सून माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "बसा मावशी, मामंजी सांगतील. पण आधी चहा घ्या, गोष्ट लांबलचक आहे."