गाडीच्या वायरिंगसाठी सोल्डरिंग आयर्न कोणता घ्यावा? खाऱ्या हवेतल्या गावांसाठी सविस्तर माहिती

तारोडी : उत्तन, डोंगरी, तारोडी, पाली, चौक या किनारपट्टीच्या गावांत गाड्यांच्या वायरिंगचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे खारी हवा. त्यात मासळीचा टेम्पो असेल तर बर्फाचं खारट पाणी रोजच चेसिसवर गळतं. वरून चांगली दिसणारी वायर आतून काळी पडते, जोडाला हिरवट थर चढतो आणि एखाद्या रात्री भाईंदरच्या वाटेवर हेडलाइट अचानक बंद होतो. अशी छोटी दुरुस्ती अनेक जण घरीच करतात. पण आयर्न चुकीचा निवडला तर जोड महिनाभरही टिकत नाही. कधी कधी तोच जोड तापून गाडीला आग लागण्याचं कारण ठरतो.

आधी वॅट बघा

बाजारात सर्वात स्वस्त मिळणारा २५ वॅटचा आयर्न हा रेडिओ, रिमोट, एलईडीच्या सर्किटसाठी असतो. गाडीची वायर तांब्याच्या अनेक बारीक तारांची असते आणि तांबं उष्णता झपाट्याने ओढून घेतं. त्यामुळे छोट्या आयर्नची टीप वायरला लावताच थंड पडते. मग माणूस ती मिनिटभर धरून ठेवतो. तेवढ्यात वायरचं प्लॅस्टिक वितळून मागे सरकतं, पण सोल्डर आत शिरतच नाही. म्हणजे कमी वॅटचा आयर्न वायर जास्त जाळतो. पुरेशा वॅटचा आयर्न तेच काम काही सेकंदांत करतो.

साधारण अंदाज असा :

- इंडिकेटर, मीटर, म्युझिक सिस्टीमच्या बारीक वायरी (०.५ ते १ चौरस मिमी) : ४० ते ६० वॅट
- हेडलाइट, हॉर्न, पंख्याच्या वायरी (१.५ ते २.५ चौरस मिमी) : ६० ते ८० वॅट
- बॅटरी आणि स्टार्टरची जाड केबल : सोल्डर नकोच, दाबून बसवलेला लग (थिंबल) वापरावा

घरासाठी एकच घ्यायचा असेल तर तापमान कमी-जास्त करता येणारा ६० वॅटचा आयर्न बहुतेक कामांना पुरतो. शिसं-कथलाची ६०/४० सोल्डर वायर १९० अंशांच्या आत वितळते. तरीही टीप ३५० अंशांच्या आसपास ठेवावी लागते, कारण वायर उष्णता खेचते. टीप सुईसारखी टोकदार नको, पटाशीसारखी चपटी घ्यावी. तिचा वायरला जास्त स्पर्श होतो. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला आयर्नच निवडावा. दोन पिनांच्या हलक्या आयर्नमधून वीज गळली तर गाडीचा ईसीयू जाऊ शकतो.

वीज कुठून घेणार?

घराजवळ काम असेल तर २३० व्होल्टचा आयर्न उत्तम. ६० वॅट म्हणजे छताच्या पंख्याइतकीच वीज, त्यामुळे लाइट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर तो चालतो.

रस्त्यात कामाला येणारा १२ व्होल्टचा आयर्न थेट गाडीच्या बॅटरीवर चालतो. पण हिशेब बघावा. ६० वॅटला १२ ने भागलं की ५ अँपिअर येतात. कार किंवा टेम्पोच्या बॅटरीला हे झेपतं. स्कूटरची बॅटरी मात्र ४-५ अँपिअर-तासांचीच असते. पंधरा मिनिटांत तिचा पाव भाग संपतो आणि मग सेल्फ लागत नाही. दुचाकीवाल्यांनी हा आयर्न दुसऱ्या मोठ्या बॅटरीवरच चालवावा.

गॅसवर चालणाऱ्या आयर्नला वायरची कटकट नसते, पण त्यात ज्योत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते. टाकी, कार्ब्युरेटर, पेट्रोलच्या नळीजवळ हा आयर्न काढूच नये. सीएनजी रिक्षाचा सिलिंडर वॉल्व्ह आधी बंद करावा, गाडी मोकळ्या हवेत आणावी. गॅसचा वास येत असेल तर कोणताच आयर्न लावू नये. विजेचा आयर्नही तितकाच तापलेला असतो.

जोड टिकवायचा कसा?

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. परत लावताना ती शेवटी लावावी.

२. काळी पडलेली तार सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापावी. लांबी कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडावा.

३. हीट श्रिंक स्लीव्ह आधीच वायरीत ओवावी. हे विसरलं की झालेला जोड पुन्हा तोडावा लागतो.

४. तारा एकमेकींत घट्ट पिळाव्यात. ताकद पिळाची असते, सोल्डर फक्त तो पीळ धरून ठेवतो.

५. टीपने वायर तापवावी आणि सोल्डर वायरला लावावं, टीपला नाही. गुळगुळीत, तारांत मुरलेला जोड चांगला. गोळा होऊन वर बसलेलं सोल्डर म्हणजे कच्चा जोड.

६. फ्लक्स राळेचाच वापरावा. पत्रा किंवा पाइप जोडायची अ‍ॅसिडची पेस्ट वायरीत राहिली तर तांबं खाते. खाऱ्या हवेत तर आणखी लवकर.

७. शेवटी आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवावी. नुसती काळी टेप उन्हात सुटते आणि आत ओल धरते.

कुठे सोल्डर करू नये

सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि सततच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. म्हणून कंपन्या गाडीच्या वायरिंगमध्ये बहुतेक जोड दाबून, म्हणजे क्रिम्प करून बसवतात. इंजिनाला लागून किंवा हँडलच्या वळणावर जोड असेल तर चांगल्या पकडीने क्रिम्प करून वर गोंदाची स्लीव्ह घालावी. सोल्डर केलाच तर दोन्ही बाजूंनी वायर क्लिपने बांधून टाकावी. एअरबॅगच्या पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि इलेक्ट्रिक कारच्या केशरी केबल यांना घरी हात लावू नये.

तब्येतीचंही बघा

सोल्डरचा धूर मुख्यतः राळेचा असतो. तो डोळ्यांना झोंबतो, दमेकऱ्यांना त्रास देतो. शिसं मात्र हाताला लागून पोटात जातं. काम झालं की साबणाने हात धुवूनच जेवावं, आणि सोल्डरचे तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

जोड झाल्यावर फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढाच लावावा. तो पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नये. वायर अजून कुठेतरी शॉर्ट आहे, हेच तो सांगत असतो.