घरातील हिंसाचार आणि बालमन

आईला होणारी मारहाण पाहणारे किंवा शेजारच्या खोलीतून ऐकणारे मूल स्वतः मार खात नसले, तरी तेही त्या हिंसेचे बळीच असते.

लहान मुले रात्री दचकून उठतात, पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, आईला क्षणभरही सोडत नाहीत. शाळकरी मुलांत पोटदुखी, अभ्यासातील घसरण, आक्रमकता किंवा अबोलपणा दिसतो. भांडण आपल्यामुळेच झाले, हा अपराधभाव अनेकांना ग्रासतो. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांमध्ये आईवरील हिंसाही गणली होती. असे अनुभव जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्य, व्यसन व आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अधिक, असे त्यात आढळले.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा अर्जदार स्त्रीकडे देऊ शकतात. प्रतिवादीची भेट मुलाच्या हिताला बाधक वाटल्यास ती नाकारणे त्यांना बंधनकारक आहे.

विश्वासाच्या एका प्रौढ व्यक्तीचा आधार मिळाल्यास मूल सावरू शकते. ‘यात तुझी चूक नाही’ हे त्याला स्पष्ट सांगावे लागते. संकटातील मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.