मोठ्यांच्या रक्तातलं काहीतरी

मलेरियाची आर-२१ लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, याचा आम्हा पुणेकरांना भारी अभिमान! पण मलेरियावर लस होऊ शकते हा भरवसा मुळात आला कुठून, ते शोधायला बसले आणि जाऊन पोचले पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात. नदीच्या दोन काठांवर पसरलेला एवढासा देश.

इयन मॅकग्रेगर हा स्कॉटिश डॉक्टर तिथे १९४९ मध्ये गेला आणि अनेक वर्षं केनेबासारख्या खेड्यांत काम करत राहिला. मुलं पुन्हा पुन्हा तापाने फणफणायची, कितीतरी दगावायची. मोठी माणसं मात्र तेच डास चावून घेत शेतात राबायची. असंच काहीतरी रॉबर्ट कॉखलाही १९०० च्या सुमारास न्यू गिनीत दिसलं होतं. पण मोठ्यांना वाचवतं कोण?

१९६१ मध्ये सिडनी कोहेन आणि मॅकग्रेगर यांनी गांबियातल्या मोठ्या माणसांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात प्रतिपिंडं असतात तो भाग, वेगळा काढून आजारी मुलांना टोचला. थोड्याच दिवसांत मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. मलेरिया कधी न झालेल्यांचं ग्लोब्युलिन दिलं तर काहीच फरक नाही. पुढे हेच पश्चिम आफ्रिकेतलं ग्लोब्युलिन पूर्व आफ्रिकेतल्या मुलांनाही लागू पडलं. (रक्त देणाऱ्यांना तेव्हा काय सांगितलं असेल, असं मनात येतंच.)

मला सारखं वाटत राहतं ते त्या रक्त देणाऱ्यांबद्दल. ही प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं ताप काढून मिळते, आणि तीही अर्धीमुर्धी. परजीवी अंगात शिरतातच, फक्त माणूस आडवा पडत नाही. ज्यांच्या रक्तात ती होती ते लहानपणी तगलेले. न तगलेल्यांचं रक्त घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. कुणी 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती'चं कौतुक करायला लागलं की मला ही मुलं आठवतात.

आणि गंमत बघा, २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली आर-२१ या वाटेने गेलीच नाही. डासाने सोडलेला परजीवी यकृतात पोचायच्या आधीच ती त्याला गाठते. रक्तात शिरलेला परजीवी मात्र सतत वेश बदलतो, म्हणून तो अवघड. तरी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याचा आरएच-५ हा फारसा न बदलणारा भाग हेरलाय, आणि त्यावरच्या लसीची चाचणी बुर्किना फासोमधल्या लहान मुलांवर झालीही आहे.