गारेगारचा इतिहास आणि आमच्या घरातला नियम



मागच्या रविवारी दुपारी चारला माझी नऊ वर्षांची लेक आंब्याचं घरी केलेलं गारेगार घेऊन आजीसमोर बसली. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा बर्फाचा त्याग आहे. कुंभोज बाहुबलीला माताजींसमोर त्यांनी नियम घेतला, त्याला आता तीसेक वर्षं झाली. लेक म्हणाली, "आजी, हे बाहेरचं नाही. आंबा आपला, पाणी आपलं, साखर पण आपली. मग तू का खात नाहीस?" सासूबाई म्हणाल्या, "नियम आहे माझा, बाळा." त्यावर लेकीचा पुढचा प्रश्न आला, "पण ज्यांनी नियम केला त्यांच्याकडे फ्रीज होता का?"

सासूबाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण उत्तर माहीत नव्हतं. बावीस अभक्ष्यं लहानपणी पाठशाळेत पाठ केली होती, पण बर्फाचं नाव त्यात का, हे कधी विचारलं नव्हतं. आठवडाभर हाताशी येईल ते वाचत गेले.

आधी आपल्या भाषेतलीच गंमत बघा. सांगली-कोल्हापूरकडे काडीवरच्या बर्फाला आपण गारीगार किंवा गारेगार म्हणतो. 'गार' म्हणजे थंड, आणि 'गार' म्हणजे आभाळातून पडणारी गारसुद्धा. बावीस अभक्ष्यांमध्ये 'ओला' येतो तो म्हणजे हीच गार, आणि 'तुषार' म्हणजे हिम, दंव गोठून झालेला बर्फ. श्वेतांबर मैत्रिणींच्या यादीतही हिम आणि करा, म्हणजे गारा, अशी दोन नावं आहेत. म्हणजे मुलं गाडीवाल्याच्या मागे जे नाव ओरडत धावतात, ते त्या यादीतच बसलेलं आहे!

तर फ्रीज नव्हता. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आभाळातून पडलेला आणि डोंगरावर साचलेला बर्फ होता. आपल्याकडे पाण्यालाच जीव मानलं आहे, जलकायिक एकेंद्रिय. एक थेंब पाणी वापरतानाही हात आखडायचा, तर त्याच पाण्याचा घट्ट गोळा नुसत्या चवीसाठी चावून खायचा कशाला, असा तो विचार. शिवाय पाणी गाळता येतं, बर्फ कसा गाळणार? पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत सोडायची, हे आपल्या आज्यांनी किती कसोशीने पाळलं. आभाळातल्या गारेची जिवाणी कुठे सोडायची?

पुढे माणसांनी थंडावा खाली आणायला काय काय केलं ते वाचून मी थक्क झाले. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त पाणी गार करायची कृती लिहून ठेवली आहे, अगदी आपण लोणच्याची लिहितो तशी. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा, त्यात शेरभर पाण्याची बंद तोंडाची धातूची सुरई पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना भोवतीची उष्णता ओढून घेतो आणि आतलं पाणी थंड होतं. बंदुकीच्या दारूत लागणारा सोरा तो हाच. त्याने पाणी गार होतं, गोठत नाही. पुढे बादशहाचा मुक्काम लाहोरला हलल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून नावांनी, गाड्यांनी आणि माणसांच्या पाठीवरून बर्फ येऊ लागला. बहुतेक वितळून जात असणार, आणि उरलेला कुणाच्या पानात पडत असेल ते सांगायला नको.

मला सगळ्यात आवडली ती अलाहाबादची गोष्ट. १७७५ मध्ये रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे पाहिलेली बर्फ करण्याची रीत लंडनला लिहून कळवली. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत मोकळ्या माळावर दोनेक फूट खोल, लांबरुंद खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं अंथरायची. त्यावर बिनझिलईच्या मातीच्या उथळ परळ्या ओळीने मांडायच्या आणि संध्याकाळी त्यात पाणी भरायचं. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की परळीतलं पाणी उघड्या आभाळाकडे उष्णता टाकत राहतं, काही पाणी मातीतून झिरपून उडून जातं, खालच्या ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नाही. हवा शून्य अंशाला पोचलेली नसतानाही पहाटे परळीत बर्फाची चकती तयार! सूर्य वर यायच्या आत माणसं टोपल्या भरून ती गोळा करत आणि गवत-घोंगड्यांनी मढवलेल्या खोल खड्ड्यात उन्हाळ्यासाठी ठेचून ठेवत.

आणि मैत्रिणींनो, त्या परळ्यांत भरायचं पाणी आधी उकळून घेतलेलं असे. हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, त्यांना पण ठाऊक होतं." त्यांनी आपल्या कारणासाठी उकळलं नसेल, तरी मला बरं वाटलं.

त्यानंतर आला तो साहेबांचा बर्फ, आणि तो तळ्यातला कच्चा. अमेरिकेत बॉस्टनजवळची तळी हिवाळ्यात गोठतात. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तो बर्फ घोड्यांच्या नांगरासारख्या अवजाराने चौकोनी कापून, लाकडाच्या भुशात गच्च बांधून, जहाजाने परदेशी विकायचा धंदा काढला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, आफ्रिकेला वळसा घालून, कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता! लाकडाच्या भुशाची ही करामत. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून येत, ते शहाणपण हेच.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, मुंबईलाही बर्फ उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुणे सगळे सर्दीने आजारी पडले तेव्हा 'मुंबई समाचार'ने परक्या चोचल्यांची ही शिक्षाच असं खडसावलं, अशी गोष्ट जुन्या मुंबईबद्दल लिहिणारे सांगतात. (माझ्या सासूबाईंनी तेच म्हटलं असतं, फक्त छापलं नसतं.) मुंबईत आणि मद्रासेत बर्फ साठवायला खास जाड भिंतींचे बर्फखाने उभे राहिले. मद्रासचा अजून उभा आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले, म्हणून आता तो विवेकानंदांच्या नावाने ओळखला जातो. तिकडे थोरोने ज्या वॉल्डन तळ्याकाठी राहून पुस्तक लिहिलं, त्या तळ्यावरही १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसं बर्फ कापायला आली होती. कुठलं तळं, कुठल्या माशांचं पाणी, आणि ते चाखणारं कोण कलकत्त्याचं, मुंबईचं घर! जिवाणीचा प्रश्न मला इथे पुन्हा आठवला.

यंत्राने बर्फ होऊ लागल्यावर हा धंदा बसला. कलकत्त्यात १८७८ मध्ये बेंगॉल आइस कंपनी निघाली, मग हळूहळू गावोगावी बर्फाचे कारखाने आले. बर्फ स्वस्त झाला आणि गोळ्याची गाडी शाळेसमोर येऊन उभी राहिली.

या गाडीबद्दल माझं मन साफ नाही, ते सांगून टाकते. मी सहावीत असताना धाकट्या भावाला गोळा खाऊन कावीळ झाली. महिनाभर शाळा बुडाली. बर्फामुळेच झाली असं डॉक्टर छातीठोक सांगू शकले नाहीत, पण आईने त्या दिवसापासून आम्हाला गाडीकडे बघू दिलं नाही. लादी मासळीसाठी बनवलेली की खाण्यासाठी, हे गोळा किसणाऱ्यालाही कळत नसे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला तो याचमुळे. बर्फाबद्दलची शंका फक्त आपल्या पाठशाळेतली नव्हती, एवढंच म्हणते.

आता काडीचं. अमेरिकेतली गोष्ट अशी सांगतात की १९०५ मध्ये फ्रँक एपरसन नावाच्या ११ वर्षांच्या मुलाने सोड्याची पूड पाण्यात ढवळली आणि ढवळायच्या काडीसकट पेला रात्रभर बाहेर विसरला. सकाळी काडीला धरून अख्खा गोळा बाहेर आला. १९२४ मध्ये मोठेपणी त्याने पेटंट घेतलं, तेच पॉप्सिकल. मला त्याच्याहून आधीची नॅन्सी जॉन्सन जास्त जवळची वाटते. फिलाडेल्फियाच्या या बाईने १८४३ मध्ये हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं. बाहेर बर्फ आणि मीठ, आत दुधाचं भांडं, वर दांडा. मीठ घातल्यावर बर्फाचं तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतं. आपल्या माहेरी कोजागिरीला किंवा मुंजी-लग्नात आळीपाळीने फिरवलेला आइस्क्रीमचा पॉट तिच्याच घराण्यातला. दुखणारे दंड आठवतात का?

गोदरेजचा देशी फ्रीज १९५८ मध्ये आला, पण आमच्या गल्लीत तो दिसायला पुढे बरीच वर्षं लागली. त्याच्या बर्फखणातच पहिल्यांदा घरचं गाळलेलं पाणी घरी गोठलं. म्हणून लेकीचा प्रश्न खरा आहे. तळ्याची, कारखान्याची, मासळीची शंका आता उरली नाही.

तरी मर्यादा उरते. गाळलेल्या पाण्याची ४८ मिनिटं, लवंग घालून प्रासुक केलेल्याची सहा तास, उकळलेल्याची चोवीस तास. गारेगार घट्ट व्हायलाच सहा तास लागतात. म्हणून मी असं करते: सूर्योदयानंतर पाणी गाळून उकळते, त्यातच कैऱ्या शिजवते, गर गाळून गूळ, वेलदोडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव घालते. पूर्ण निवलं की साच्यात भरते, वर बोटभर जागा ठेवून, कारण गोठताना पाणी फुगतं. नऊला फ्रीझरमध्ये, चारला मुलांच्या हातात, आणि सूर्यास्ताच्या आत साचे धुऊन पालथे. उद्यासाठी ठेवत नाही. आंब्याच्या रसाला तर पाणी लागतच नाही. काळी द्राक्षं थोडी वाफवून गाळली की रंग सुरेख येतो. कलिंगड मात्र नुसतं घातलं तर दगड होतं, खडीसाखर आणि लिंबू हवंच. गोडी जिभेला जरा जास्त लागेल इतकी ठेवा, गोठल्यावर ती कमी लागते.

मोबाइलवरच्या कृती आंधळेपणाने करू नका. निम्म्यांमध्ये मध असतो, काहींत जिलेटिन, जे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. लाल रंगासाठी बीट-गाजर, चवीला आलं, वर अंजिराचे काप. आल्याऐवजी सुंठ चालते. अंजीर तर पंच उदुंबरातलंच. परदेशातल्या मैत्रिणींनी तयार पाकिटावर लाल रंगाचा आकडा १२० दिसला तर ते खाली ठेवावं, तो किड्यांपासून काढतात.

एवढं करून मर्यादेचा प्रश्न सुटला. यादीतला 'तुषार' तिथेच राहिला. तो सुटला असं मी लिहिणार नाही. अष्टमी-चतुर्दशीला मी स्वतः खात नाही, इतर दिवशी खाते, आणि ते माझ्या दुबळेपणात मोजते. लेकीलाही हेच सांगितलं. तिला ते फारसं पटलेलं नाही. ती म्हणाली, मोठी झाल्यावर ठरवेन.

सासूबाईंचा नियम तसाच आहे, पण साच्यात भरण्याआधीचा रस चाखायचं काम त्यांचंच. त्यांच्याइतकी गोडी मला साधत नाही. आज सकाळी चमचा चाटून म्हणाल्या, "अजून दोन खडे टाक, हे गोठल्यावर आंबट लागेल." तीस वर्षं खाल्लं नाही, तरी त्यांना माहीत. दुपारी मुलांनी काड्या उपसल्यावर त्यांनी रिकामा, अजून दहिवरलेला स्टीलचा साचा उचलला, मिटलेल्या डोळ्यांवर धरला आणि लेकीला विचारलं, "एवढं चालतं ना गं?"