शिरका : ताटातला आणि पेल्यातला

क्रूसावर खिळलेल्या प्रभू येशूला आंब देऊ केल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत आढळतो. ही आंब म्हणजे आंबट झालेला द्राक्षारस, अर्थात शिरका. व्हिनेगर या नावाने तो आज घरोघरी ठाऊक आहे. रोमी सैनिक असा आंबट द्राक्षारस पाण्यात मिसळून पीत आणि त्या पेयाला 'पोस्का' म्हणत. त्याही पूर्वीच्या काळी, रूथच्या ग्रंथात, बवाज शेतात राबणाऱ्या रूथला भाकर आंबेत बुडवून खाण्यास सांगतो. नीतिसूत्रांचा कर्ता मात्र (१०:२६) आळशी नोकर धन्याला कसा वाटतो हे सांगताना दात आंबवणाऱ्या याच आंबेची उपमा देतो. शिरक्याचे गुण आणि दोष दोन्ही माणसाला असे फार पूर्वीपासून माहीत आहेत. हल्ली सकाळी उपाशीपोटी शिरका पिण्याची टूम आमच्या कुटुंबांतही शिरली आहे. म्हणून हा इतिहास थोडा चाळून पाहणे आम्हास अगत्याचे वाटते.

प्राचीन ग्रीक वैद्य शिरका आणि मध यांचे मिश्रण औषध म्हणून देत. त्याला 'ऑक्सिमेल' असे नाव होते. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या तीव्र आजारांतील पथ्यावरच्या ग्रंथात या मिश्रणाची चर्चा आहे. शिरका सर्व प्रकृतींना सारखा मानवत नाही, असा इशाराही त्याच ग्रंथात दिला आहे. औषध सांगणाऱ्यानेच मर्यादाही सांगून ठेवावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्वयंपाकघरात मात्र शिरक्याने निर्विवाद मान मिळवला. मांस आणि भाज्या टिकवण्यासाठी तो युगानुयुगे उपयोगी पडला. द्राक्षारस वा शिरका आणि लसूण यांत मांस मुरवण्याची पोर्तुगीज रीत गोव्यात आली, तेथे माडाच्या सुरेचा शिरका तिला लाभला, आणि आपले विंदालू जन्मास आले. येथे शिरका अन्नात मुरलेला असतो आणि बेताने पोटात जातो.

परंतु सडपातळ होण्यासाठी तो पेल्याने पिणे ही निराळी गोष्ट. फ्रेंच लेखक ब्रिया-साव्हारँ याने १८२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रसास्वादावरील ग्रंथात लुईझ नावाच्या मुलीची हकिकत दिली आहे. १७७६ साली दिजाँ येथे शिकत असताना त्याची तिच्याशी मैत्री होती. ती अंगाने भरलेली, निरोगी. ओळखीच्या मंडळींनी लठ्ठपणावरून तिची थट्टा केली. ती मनाला लावून घेऊन तिने महिनाभर रोज सकाळी पेलाभर शिरका गुपचूप घेतला. आईला कळले तेव्हा उशीर झाला होता. वैद्यांचे उपाय चालले नाहीत आणि जेमतेम अठराव्या वर्षी ती गेली. एका हकिकतीवरून मृत्यूचे कारण ठरवणे इतिहासाला मान्य नाही. पण लेखकाने ती इतरांना सावध करण्यासाठीच लिहून ठेवली, हे निश्चित.

शिरका कसा बनतो याचा उलगडा लुई पाश्चर याने १८६४ साली केला. मद्यार्काचे आम्ल करणारे सूक्ष्म जीव असतात, हे त्याने दाखवून दिले. नेहमीच्या शिरक्यात हे अॅसेटिक आम्ल शेकडा चार-पाच भाग असते. आपल्या जठरात त्याहून तीव्र असे हायड्रोक्लोरिक आम्ल निसर्गतःच पाझरते, आणि त्याची झळ लागू नये म्हणून जठराला आतून श्लेष्माचे अस्तर असते. अन्ननलिकेला असे संरक्षण नाही, दातांच्या लुकणालाही नाही. म्हणून निर्भेळ शिरका घशाशी जळजळ करतो आणि दात झिजवतो.

शिरक्याने जठरातील अन्न पुढे सरकण्यास वेळ लागतो. त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर काहीशी सावकाश वाढते. काही प्रयोगांत आढळलेला हा लाभ खरा आहे. परंतु २००७ साली स्वीडनमध्ये जठर मंदावलेल्या दहा मधुमेही रुग्णांना दोन आठवडे रोज तीस मिलिलिटर सफरचंदाचा शिरका पाण्यातून दिला, तेव्हा त्यांचे जठर रिकामे होण्याचा वेग आणखी घटला. अशा रुग्णांत अन्नाची आणि इन्सुलिनची वेळ जुळत नाही, मळमळ वाढू शकते. २०२४ साली लेबननमधील तरुणांवरील एका अभ्यासाने शिरक्याने वजन घटते असे जाहीर केले. त्याचा गाजावाजा झाला. पुढे २०२५ साली त्यातील आकडेवारी विश्वसनीय नसल्याचे आढळून नियतकालिकाने तो मागे घेतला.

तेव्हा कोशिंबिरीत, लोणच्यात, विंदालूत शिरका अवश्य असावा. ज्यांना आम्लपित्त, जठरव्रण वा मधुमेह आहे, त्यांनी तो औषध म्हणून घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आईबापांना आमची आणखी एक विनंती आहे. घरातील मुलीच्या बांध्यावरून थट्टा होऊ देऊ नये, आणि ती न्याहारी टाळून गुपचूप काही पीत असेल तर तिच्यापाशी बसून मायेने विचारावे. लुईझच्या आईला ती संधी वेळेवर मिळाली नाही.