तिसरा माणूस

शाळेत मी व्याकरण शिकवतो. बोलणारा तो प्रथम पुरुष, ऐकणारा तो द्वितीय पुरुष आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय पुरुष. तो बिचारा बहुधा समोर नसतोच! गेल्या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी मोटार शिकू लागलो आणि विम्याच्या कागदावर हाच तृतीय पुरुष मला पुन्हा भेटला. विमा उतरवणारा पहिला, विमा कंपनी दुसरी आणि रस्त्यावरचा कोणी अनोळखी तो तिसरा. कायद्याची सक्ती आहे ती या तिसऱ्यासाठी.

ही सक्ती आली कशी, हे पाहायला इंग्लंडात जावे लागते. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही गृहिणी आपल्या मुलीबरोबर चालली होती. मोटारीचा धक्का लागला आणि ती जागीच गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने बळी घेतलेली ही पहिली पादचारी. मोटार हाकणारा अवघ्या तीन आठवड्यांचा नवशिका होता, असे म्हणतात. त्याच्याजवळ परवाना नव्हता, कारण परवाना ही चीजच तेव्हा नव्हती! चौकशीत 'अपघाती मृत्यू' ठरला आणि प्रकरण मिटले.

१९०३ च्या कायद्याने परवाना आला; पण पाच शिलिंग भरले की तो हातात पडे, परीक्षा नाही. १९३० च्या कायद्याने तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा केला. तरीही १९३४ साली तिथल्या रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली. तेव्हा कुठे १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली आणि शिकाऊ गाडीवर लाल 'एल' आला. गंमत पाहा, भरपाई आधी आली आणि परीक्षा मागून!

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ चा; त्यातली विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. आता १९८८ चा कायदा आहे. शिकाऊ परवाना हाही परवानाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले. म्हणजे नवशिक्याच्या हातून अपघात झाला, तरी तेवढ्या कारणाने कंपनीला हात झटकता येत नाहीत.

हे सारे मी वाचून काढले ते एका सकाळीनंतर. दसऱ्याचा आदला दिवस होता. चौकात मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. शेजारी बसलेल्या उस्तादांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला म्हणून गाडी थांबली. पण तोवर एका मावशींची झेंडूची टोपली चाकाखाली गेली होती. मी पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले, फुलांचेच तेवढे, आणि म्हणाल्या, "गुर्जी, फुलं उद्या पुन्यांदा येतील. मी न्हाई आले."

विम्याच्या साऱ्या कलमांचा अर्थ त्या एका वाक्यात होता. भरपाई टोपलीची होते.

मी अजून 'एल' लावूनच शिकतो आहे. वर्गात तृतीय पुरुष शिकवताना मात्र आता मुलांना खिडकीबाहेरचा रस्ता दाखवतो.