पर्वतीय स्नोमोबाइलची मागील चाके : वापरकर्त्याने घडविलेल्या एका यांत्रिक बदलाचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासलेखनात शोधकाचे नाव, पेटंटचे वर्ष आणि कारखान्याची स्थापना या तीन बाबींना सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. यंत्र विकले गेल्यानंतर वापरणाऱ्याने त्यात केलेले फेरफार मात्र क्वचितच नोंदविले जातात. उत्तर अमेरिकेच्या पर्वतभागात वापरल्या जाणाऱ्या स्नोमोबाइलच्या मागील सस्पेन्शनमधील चाके हे या उपेक्षेचे एक बोलके उदाहरण आहे. गुलमर्गला जाणारे पर्यटक या वाहनास ‘स्नो स्कूटर’ म्हणून ओळखतात. पुढे दोन स्की, मागे इंजिनाच्या शक्तीने फिरणारा एक रुंद रबरी पट्टा आणि त्या पट्ट्याच्या पोटात बसविलेले सस्पेन्शन, अशी त्याची स्थूल रचना असते. (सस्पेन्शनला ‘निलंबन’ असा प्रतिशब्द सुचविला जातो, परंतु महाविद्यालयीन वाचकास तो सेवापुस्तकाचीच आठवण करून देईल, म्हणून येथे टाळला आहे.)

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सेनर या गावी कार्ल एलियासन याने 1924 मध्ये सायकलचे भाग, फोर्ड मॉडेल टीचा रेडिएटर आणि नावेचे छोटे इंजिन जोडून एक मोटारघसरगाडी तयार केली व 1927 मध्ये तिचे पेटंट मिळविले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर येथील जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डिए याची प्रेरणा अधिक करुण होती. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाखाली गेल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही. रबराचे आच्छादन असलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा या त्याच्या रचनेस 1937 मध्ये पेटंट मिळाले. त्यावर आधारलेली अनेक आसनांची बंदिस्त वाहने डॉक्टर, टपाल व शाळकरी मुले यांच्या उपयोगी पडली. पुढे 1948 मध्ये क्वेबेक शासनाने रस्त्यांवरील बर्फ हटविण्याचा कायदा केला आणि या वाहनांची गरजच ओसरली. कंपनी अन्य उत्पादनांकडे वळली. 1959 मध्ये तिची छोटी, हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली. दरम्यान मिनेसोटातील रोझो येथे पोलॅरिस कंपनीनेही अशीच यंत्रे बनविण्यास आरंभ केला होता. तिचा एक संस्थापक एडगर हेटीन याने 1960 मध्ये अलास्कात बेथेल ते फेअरबँक्स असा दीर्घ प्रवास करून त्यांची क्षमता सिद्ध केली.

या आरंभीच्या हलक्या यंत्रांपैकी अनेकांत पट्टा ‘बोगी’ पद्धतीच्या चाकांवर आधारलेला असे. आपल्याकडे बोगी म्हणजे रेल्वेचा डबा असा अर्थ रूढ झाला असला, तरी मुळात ती डब्याखालील चाकांची जोडणी होय. स्प्रिंगच्या भुजांवर बसविलेल्या चाकांच्या जोड्या पट्ट्याला आतून जमिनीकडे दाबीत. कठीण बर्फावर ही रचना चिवट व निर्धोक ठरे; मात्र वजन चाकांखालीच एकवटे, मधला पट्टा सैल राही आणि चाकांमध्ये बर्फ साचून गोठे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिची जागा ‘स्लाइड रेल’ घेऊ लागली. यात दोन समांतर रुळांच्या तळाशी प्लास्टिकची पट्टी बसवितात आणि रबरी पट्ट्यावरील धातूच्या चिमट्या तिच्यावरून घसरतात. वजन रुळाच्या संपूर्ण लांबीवर विभागले जाते. चाके उरली ती मदतनीस म्हणून : काही रुळाच्या कडेला आणि मोठी अगदी मागच्या आसावर, जेथे पट्टा वळतो व ताणून धरला जातो.

या रचनेत बर्फ केवळ मार्ग नाही, तो वंगणही आहे. ताजा भुसभुशीत बर्फ पट्ट्याबरोबर आत येतो, प्लास्टिकची पट्टी ओली व थंड ठेवतो, आणि द्रवशीतित यंत्रांत इंजिनाच्या उष्णता-विनिमयकांवर उडून तेही थंड करतो. घट्ट दाबलेल्या किंवा गोठलेल्या वाटेवर हे वंगण मिळत नाही. सुमारे 130 अंश सेल्सिअसला वितळणारे हे प्लास्टिक घर्षणाने मऊ होऊन झिजते. चाकांची संख्या हा म्हणूनच बर्फाविषयीचा एक अंदाज असतो.

रॉकी पर्वतातील स्वारांनी हा अंदाज कारखान्यावर सोपविला नाही. खोल बर्फात चाक हे त्यांना ओझे वाटते : ते वजन वाढविते, त्याभोवती बर्फाचा गोळा बांधला जातो, आणि वंगण विपुल असल्याने त्याचे काम फारसे नसते. म्हणून रुळाच्या मधली चाके, क्वचित मागच्या आसावरील मधले चाकही, काढून टाकण्याची रीत पडली. उलट, ज्याला डोंगराच्या पायथ्यापर्यंत कित्येक किलोमीटर दाबलेल्या वाटेने जावे लागते, तो चाके वाढवितो, किंवा बर्फ खरवडून आत उडविणाऱ्या स्प्रिंगच्या काड्या बसवितो. तिसरा मार्ग मोठ्या चाकांचा. मागील आसावर सुमारे 18 ते 20 सेंटिमीटर व्यासाच्या जागी 25 सेंटिमीटरचे चाक आल्यास पट्टा कमी तीव्रतेने वळतो व वळविण्यात वाया जाणारी शक्ती वाचते; किंमत वाढीव वजनाने मोजावी लागते आणि पट्ट्याचा ताण नव्याने जुळवावा लागतो. या तिन्ही उपायांत सर्वस्वी योग्य असे उत्तर नाही, कारण एकाच दिवसाच्या फेरीत दोन्ही प्रकारचे बर्फ भेटते. रूळ लांबवून अधिक लांब पट्टा बसविण्याचे प्रयोगही अशाच खाजगी कार्यशाळांतून झाले. कारखान्यांनी खास पर्वतीय मालिका प्रामुख्याने 1990 च्या दशकात बाजारात आणल्या. आज 165 इंच, म्हणजे चार मीटरहून लांब पट्टे आणि तीन इंच उंचीचे रबरी दाते कारखान्यातूनच येतात. या क्रमात ग्राहक मागे आणि अभियंता पुढे असे नेहमीचे चित्र टिकत नाही.

या बदलांचे परिणाम केवळ यांत्रिक नाहीत. पूर्वी जेथे यंत्र रुतून बसे, तेथील तीव्र उतारांवर आता ते चढू शकते. अमेरिकेतील हिमस्खलनबळींमध्ये स्नोमोबाइलस्वारांचे प्रमाण मोठे आहे, ही बाब या क्षमतेपासून वेगळी काढता येत नाही. पेर्टी पेल्टो याने 1973 च्या ‘द स्नोमोबाइल रेव्होल्यूशन’ या ग्रंथात फिनलंडमधील स्कोल्ट सामी समाजाचा अभ्यास केला. यंत्रासोबत इंधनाचे परावलंबित्व आणि रेनडियरपालकांमधील आर्थिक दरी आली, असे त्याने दाखविले. त्यांच्यासाठी सुटे चाक हा उपजीविकेचा प्रश्न होता. रॉकीतील स्वारासाठी तो बहुधा हौसेचा असतो. दोघांच्या हातांतील पाना मात्र एकाच जातीचा आहे.

अभ्यासकापुढील खरी अडचण साधनांची आहे. पेटंट आणि विक्रीपत्रके जतन होतात. व्हॅलकूरच्या संग्रहालयात बॉम्बार्डिएची मूळ कार्यशाळाही पाहावयास मिळते. स्वारांच्या कार्यशाळांना असे भाग्य नाही. जुन्या यंत्रांचे संग्राहक पुनर्बांधणी करताना सामान्यतः कारखान्यातील मूळ स्वरूपाला प्राधान्य देतात. अशा वेळी काढलेले चाक जागेवर परत येते, आणि स्वाराने रुळावर पाडलेली जादा छिद्रे बुजविली जातात.